ऑटोक्लेव्हमधलं सासर

अक्कांना कुणी पाणी प्यायला दिलं तर त्या आधी त्या पाण्याची चौकशी करायच्या. कुठलं, कधी भरलेलं, टाकीचं की नळाचं, टाकी सिमेंटची की प्लॅस्टिकची. मग पर्समधून पेनाएवढं एक यंत्र काढून ग्लासात बुडवायच्या, त्यावरचा आकडा वाचायच्या आणि ग्लास हळूच बाजूला सरकवून द्यायच्या. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते त्या यंत्रावर कळायचं. यजमानाला काय वाटलं ते कळायची सोय त्यात नव्हती, आणि असती तरी अक्कांनी तो आकडा शांतपणे वहीत उतरवून घेतला असता.

बंगळूरमधल्या एका संस्थेत आम्ही बरोबर काम करत होतो. वीजकेंद्रातली यंत्रं कुठे झिजली, कुठे गंजली, हे तपासून दाखला देणं हे आमचं काम. म्हणजे यंत्र बंद पडलं की आम्हाला बोलावायचे, आणि ते का बंद पडलं हे आम्ही इतक्या सभ्य भाषेत लिहायचो की कुणाचीच चूक नव्हती असं सगळ्यांना वाटावं. अक्का पाण्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. मी धातूच्या विभागात, पुण्याहून आलेला, पस्तिशीचा, इंग्रजी बरं असलेला. संस्थेत इंग्रजी बरं असणं हे धातुशास्त्र येण्यापेक्षा जास्त उपयोगाचं होतं, हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं.

अक्का मूळच्या निपाणीकडच्या. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि रागावल्या की दोन्ही. सगळा स्टाफ त्यांना अक्का म्हणायचा, साहेब लोकसुद्धा. मला त्या पहिल्या दिवसापासून 'पुणेकर' म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते वापरण्याइतकं मी अजून काही केलेलं नाही, असं त्यांचं मत असावं.

जयनगरला एका घराच्या वरच्या मजल्यावर त्या भाड्याने राहायच्या. घरमालक त्यांना दरवर्षी घर सोडायला सांगायचा आणि दरवर्षी त्याची बोअरवेल काहीतरी चाळे करायची, मग त्या त्याला टाकीत काय घालायचं ते सांगायच्या, आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा.

शनिवारी त्या बंगळूरच्या शिवाजीनगरला भंगाराच्या दुकानांतून हिंडत. एकदा मलाही नेलं. जुने नळ, गिझरच्या जळलेल्या कॉइल, फुटके पाइप त्या उलटसुलट करून बघायच्या, एखाद्या बाईने साडीचा पोत बघावा तसं. दुकानदार स्टूल पुढे करायचे. एकाने तर खास ठेवलेला एक चिरलेला व्हॉल्व्ह कापडात गुंडाळून आणला. अक्कांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "बघ पुणेकर, किती सुंदर फुटलाय." मी बघितलं. मला भंगार दिसलं.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक ऑटोक्लेव्ह होता. प्रेशर कुकरचा थोरला भाऊ म्हणा. जाड भिंतींचं भांडं, आत तापलेलं, दाबाखालचं पाणी, आणि त्या पाण्यात टर्बाइनच्या पोलादाच्या पट्ट्या. वाफेवर चालणाऱ्या टर्बाइनची पाती ज्या पोलादाची, त्याच पोलादाच्या. प्रत्येक पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून बोल्टने आवळून ठेवायची, म्हणजे तिच्यावर कायम ताण. मग पाण्यात हे घाल, ते काढ, आणि काही आठवड्यांनी बघ कोण गंजतं, कोण चिरतं.

पट्ट्यांना नंबर होते. अक्का ते वहीत लिहायच्या आणि तोंडाने नातेवाइकांची नावं घ्यायच्या. सतरा नंबर म्हणजे मोठी नणंद, काही केलं तरी ढिम्म. एकवीस म्हणजे धाकटा दीर, वरून चकचकीत आणि आतून पोखरलेला. तेवीस नंबरच्या सासूबाई, कधी फुटतील याचा भरवसा नाही. सकाळी आलं की पहिली चौकशी, "काय, सासूबाईंनी रात्र कशी काढली?" नवीन माणसाला वाटायचं, अक्कांच्या घरी आजारपण आहे. प्रत्यक्षात अक्कांचं लग्न झालेलं नव्हतं. हे सासर संपूर्णपणे त्या भांड्यात होतं, आणि त्या म्हणत, "तिथंच बरं हाय. झाकण लावता येतं."

मी व्हाइटफील्डला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला अक्कांना बोलावलं. हा माझा साधेपणा. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि नळाखाली ते पेन धरलं. तिथे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. टँकरचं पाणी आणि त्यावर बसवलेला महागडा प्लँट यांचा त्यांना फार अभिमान.

अक्का आकडा बघून म्हणाल्या, "हे पाणी न्हवे, सार आहे की."

सेक्रेटरी हसून म्हणाले, "मॅडम, इट इज ट्रीटेड वॉटर."

"ट्रीटमेंट चालू हाय होय?" अक्का म्हणाल्या. "मग बरं व्हायला स्वल्प वेळ लागंल."

नंतर त्यांनी बायकोच्या फळीवरचा स्टीलचा डबा उघडला, त्यातलं लिंबाचं लोणचं बघून तिला मिठाने स्टीलला कसे खड्डे पडतात ते पाहुण्यांसमोर दहा मिनिटं समजावलं, आणि स्वतः आणलेली काचेची बरणी तिच्या हातात ठेवली. माझ्या बायकोने ती बरणी दोन वर्षं वापरली नाही. आमचे नळ दीड वर्षात गेले.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगताना मी फार चांगला दिसत नाही, पण त्याला इलाज नाही.

एका वीजकेंद्राने आपल्या बॉयलरच्या पाण्याची पद्धत बदलली होती. आधी ते पाण्यातला सगळा ऑक्सिजन काढून टाकत. नव्या पद्धतीत पाणी अतिशय शुद्ध ठेवायचं आणि थोडा ऑक्सिजन मुद्दाम राहू द्यायचा, म्हणजे पाइपांच्या आतून एक चांगला, घट्ट थर बसतो. पद्धत चांगलीच आहे, जगभर चालते. त्यांना आमच्याकडून एवढंच हवं होतं की या पाण्याने टर्बाइनच्या पोलादाला धोका नाही असा दाखला. आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, काम माझ्याकडे दिलं. तीन महिन्यांनी माझी बढतीची मुलाखत होती, आणि साहेब त्या समितीवर होते. हा निव्वळ योगायोग, असं आम्ही दोघंही मानत होतो.

सहा आठवडे पट्ट्या शुद्ध पाण्यात ठेवल्या. एकीलाही तडा नाही. मी आनंदाने मीटिंगमध्ये स्लाइड्स दाखवल्या. शेवटची स्लाइड गेली, दिवे लागले, आणि अक्का नेहमीचं वाक्य बोलल्या. कुणाचंही प्रेझेंटेशन संपलं की त्या कन्नडमधलं 'ठीक आहे' आधी लावून हेच म्हणायच्या: "सरी. आता खरं सांगा."

साहेब म्हणाले, "अक्का, हेच खरं आहे. डेटा समोर आहे."

"ही मशीन आठवड्यातनं किती वेळा बंद करतात?"

मला माहीत नव्हतं. अक्कांना माहीत होतं. त्यांनी केंद्राच्या केमिस्टला फोन करून विचारलं होतं. दिवसा सौर वीज भरपूर असते, त्यामुळे कोळशावरच्या यंत्रांना आता मधेच थांबवतात, पुन्हा सुरू करतात. पूर्वी वर्षातून चारदा थांबणारं यंत्र आता आठवड्यात दोनदा थांबत होतं. शिवाय त्यांच्या कंडेन्सरला, म्हणजे वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करणाऱ्या भागाला, बारीक गळती होती, त्यातून थंड करायचं साधं पाणी, म्हणजे मीठ, आत येत होतं. अगदी थोडं.

"यंत्र चालू असताना तुझं पाणी बरोबर," अक्का मला म्हणाल्या. "पण थांबलं की आत हवा शिरते, पाती ओली होतात, आणि त्यांच्यावर बसलेलं मीठ विरघळतं. नुसता ऑक्सिजन चालतोय. मिठासंगट ऑक्सिजन न्हाई चालत. तू सहा आठवडे त्यांना एकाच पाण्यात ठेवलास. तिथं तर पाणी आठवड्यातनं दोनदा बदलाय लागलंय."

"ग्राहकाने शुद्ध पाण्याचीच चाचणी मागितली आहे," साहेब म्हणाले. "आपण आपल्या मनाने प्रश्न वाढवायचे नाहीत."

अक्कांनी मान डोलावली. ती मान डोलावणं म्हणजे होकार नव्हे, हे साहेबांना वीस वर्षांत कळलं नव्हतं.

त्यांनी त्याच पोलादाच्या सहा पट्ट्या घेतल्या आणि स्वतःची चाचणी सुरू केली. सोमवार ते शुक्रवार पट्ट्या ऑटोक्लेव्हमध्ये. शुक्रवारी बाहेर काढायच्या, चिमूटभराहूनही कमी मिठाच्या पाण्याचा हात फिरवायचा आणि ओलसर हवेत झाकून ठेवायच्या. सोमवारी पुन्हा आत. "पट्ट्यांना शनिवार-रविवार सुट्टी," मी कँटीनमध्ये म्हणालो, "आम्हाला मात्र नाही." लोक हसले. मी त्या काळात बरंच हसवायचो.

रिपोर्ट जायच्या दोन दिवस आधी दुपारी अक्कांनी मला बोलावलं. सूक्ष्मदर्शकाखाली एक पट्टी होती.

"कोण आहे?" मी विचारलं. "सासूबाई?"

अक्का हसल्या नाहीत. "बघ."

"खड्डा दिसतोय. छोटा आहे."

"खड्ड्याच्या तळाला बघ की."

मी फोकस खाली नेला. खड्ड्याच्या तळातून एक केसासारखी काळी रेघ निघाली होती. पुढे तिला दोन फाटे. ती रेघ पोलादात आत, सरळ ताणाच्या आडवी गेली होती. सहापैकी चार पट्ट्या तशाच होत्या.

टर्बाइनचं शेवटच्या रांगांमधलं एकेक पातं माणसाच्या कमरेएवढं असतं, आणि मिनिटाला तीन हजार फेरे घेतं. असं एक पातं मुळातून सुटलं तर ते पोलादी कवच फोडून बाहेर येतं, आणि त्या हॉलमध्ये माणसं काम करत असतात. हे मला अक्कांनी सांगायची गरज नव्हती. हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवायचो, स्लाइड्ससकट.

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी फोटो बघितले, चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "जोडपत्र म्हणून मागे टाका. किंवा बघा, रिपोर्ट आटोपशीर ठेवायचा असेल तर... तुमचा रिपोर्ट आहे. तुम्ही ठरवा."

साहेबांची ही खुबी होती. ते कधीच कुणाला चुकीचं काही करायला सांगत नसत. ते फक्त ठरवायला सांगत.

मी ठरवलं. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'चाचणीच्या अटींमध्ये तडे आढळले नाहीत.' वाक्य शंभर टक्के खरं होतं. अक्कांचे फोटो असलेलं जोडपत्र मी काढून टाकलं, आणि अक्कांनी विचारलं तेव्हा सांगितलं, "फाइल फार मोठी होत होती, मेल जाईना. नंतर वेगळं पाठवू."

"नंतर म्हणजे?"

"पुढच्या आठवड्यात."

पाण्याचं ते पेन हाताशी असतं तर अक्कांनी ते माझ्यातही बुडवलं असतं.

पुढच्या सोमवारी त्या आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आजारपणाची रजा टाकली होती. बुधवारी त्या केंद्रातून साहेबांना फोन आला आणि साहेबांच्या केबिनचं दार बंद झालं.

झालं होतं असं. वार्षिक दुरुस्तीसाठी केंद्राचं टर्बाइन उघडलेलं होतं आणि गुरुवारी त्याचं झाकण बंद होणार होतं. अक्का एक चिरलेली पट्टी घेऊन बसने तिथे पोचल्या. गेटवरच्या सुरक्षावाल्याने पास विचारला. पास नव्हता. त्या गेटशेजारच्या चहाच्या टपरीवर बसून राहिल्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत राहिल्या. दुपारी देखभाल विभागाच्या एका वयस्क इंजिनिअरने गाडी थांबवली. अक्कांनी त्याला पट्टी दाखवली आणि म्हणाल्या, शेवटून दुसऱ्या रांगेच्या पात्यांची मुळं लाल रंग लावून तपासा. तडा असला की तो रंग शोषतो आणि मग उमटून दिसतो. काही निघालं नाही तर मी तुमच्या साहेबांची लेखी माफी मागते.

तपासली. अकरा पात्यांच्या मुळांशी लाल रेघा उमटल्या.

पाती बदलली. गळती बंद केली. यंत्र थांबलं की आत कोरडी हवा सोडायची व्यवस्था केली. टर्बाइन सुरू झालं आणि काहीच झालं नाही. काहीच न होणं हे फार अडचणीचं असतं. त्याचा फोटो काढता येत नाही, त्याबद्दल सत्कार ठेवता येत नाही. केंद्राला आपल्याकडे तडे होते हे गाजवायचं नव्हतं. आम्हाला आमचा रिपोर्ट अपुरा होता हे गाजवायचं नव्हतं. त्यामुळे रिपोर्ट कुणी बदलला नाही, तो तसाच फायलीत राहिला. सगळ्यांच्या सोयीने एकच गोष्ट घडली: अक्कांना 'कारणे दाखवा' नोटीस द्यायचं ठरलं. खोटी रजा, परवानगीशिवाय बाहेरगावी जाणं, संस्थेचा नमुना बाहेर नेणं.

नोटिशीचा मसुदा करायला साहेबांनी मला सांगितलं. माझं इंग्रजी बरं होतं.

मी तो केला. चांगला झाला होता. दुसऱ्या दिवशी अक्का माझ्या टेबलाशी आल्या, हातात तोच कागद.

"हे तू लिहिलंस न्हवं?"

मी टेबलावरची एक फाइल उघडली.

"भाषेवरनं ओळखलं. ऐक. तिसऱ्या ओळीत 'अनधिकृत नमुना' म्हणाय लागलायस. नमुना अधिकृत होता, वहीत नोंद हाय. बाहेर नेणं अनधिकृत. एवढं दुरुस्त कर, मग मी मिळाल्याची सही करते."

"अक्का, मी..."

"आणि खाली 'घटना' लिहिलंयस. कुठली घटना? काय झालंच न्हाई की."

मी दुरुस्त केलं. त्यांनी माझ्याच पेनाने सही केली आणि प्रयोगशाळेत निघून गेल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. गेलं. पुढच्या महिन्यात मुलाखत झाली आणि बढतीही मिळाली.

अक्का आठ महिन्यांनी निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात साहेबांनी त्यांच्या 'सहकार्याच्या वृत्ती'चं कौतुक केलं आणि त्यांना पाणी शुद्ध करायचं यंत्र भेट दिलं. अक्कांनी ते तिथल्या तिथे उघडून फिल्टर कुठल्या जातीचा आहे ते बघितलं, आणि परत बंद करून वॉचमनला देऊन टाकलं. मग निपाणीला बहिणीकडे राहायला गेल्या.

मध्ये तीन वर्षं गेली. साहेब मोठ्या जागी गेले आणि त्यांच्या खुर्चीवर मी आलो. मागच्या महिन्यात, एका शुक्रवारी, माझ्या सहीसाठी एक पत्र आलं. दुसऱ्याच एका वीजकेंद्राला नव्या पाण्याबद्दलचा दाखला हवा होता. नवीन चाचणी नको, कारण आमचा आधीचा रिपोर्ट त्यांनी कुठूनतरी मिळवला होता आणि त्याच्याच भरवशावर दोन वर्षं तेच पाणी वापरत होते. तो रिपोर्ट सोबत जोडला होता. माझं सुंदर इंग्रजी, माझी सही, आणि मागे जोडपत्र नाही. मी त्यांची यंत्र थांबवल्याची नोंद मागवली. आठवड्यातून तीनदा. कंडेन्सरची गळती: किरकोळ. टर्बाइन सध्या दुरुस्तीसाठी उघडलेलं.

मी केबिनचं दार लावलं आणि अक्कांना फोन केला. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी उचलला. मागे कुकरच्या शिट्ट्या आणि बहिणीचा आवाज.

"अक्का, मी बोलतोय."

"बोल की पुणेकर."

मी बोललो. तेव्हा मेल जात नव्हता हे खोटं होतं, जोडपत्र मीच काढलं होतं, मुलाखत तोंडावर होती, नोटीस लिहिताना मला काय वाटत होतं, नंतर किती वेळा फोन करावासा वाटला. तीन वर्षं मनात घोटलेलं होतं, त्यामुळे ओघ चांगला होता. शेवटी मी या नव्या केंद्राबद्दल सांगितलं.

"मशीन अजून उघडी हाय?" त्यांनी मधेच विचारलं.

"हो. सोमवारी बंद करणार आहेत."

"मग माझ्याशी काय बोलत बसलायस?" त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

मी त्या केंद्राच्या देखभाल प्रमुखाला फोन लावला. संस्थेचं नाव सांगितलं, माझं पद सांगितलं, पात्यांची मुळं तपासायला हवीत असं सांगितलं. तो हिंदीत, फार अदबीने म्हणाला की तुमचाच रिपोर्ट समोर आहे आणि त्यात सगळं ठीक लिहिलंय, आता दोन दिवसांत शेड्यूल कसं बदलणार. मी म्हणालो, तो रिपोर्ट अपुरा आहे, मीच अपुरा ठेवला होता. मग म्हणालो की असेच तडे आधी दुसऱ्या केंद्रात आमच्याकडच्या एका बाईंनी शोधले होते, आणि त्यांचं नाव सांगितलं.

देखभालवाल्यांचे आपसात व्हॉट्सॲप ग्रुप असतात. त्यांत काय फिरतं हे आम्हा दाखले देणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

"मॅडमने बोला है?" त्याचा आवाज एकदम बदलला. "तो पहले बताना था ना, सर. कौन सी रो देखनी है?"

मी सांगितली. पलीकडे तो कुणालातरी मोठ्याने हाका मारत होता, झाकणाची क्रेन थांबवा म्हणून.